बाळाची क्रोशाची टोपी: आधी माप, मग सुई

बाळकुमहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे एका बचत गटातल्या अकरा जणी. काही जुन्या गावातल्या, काही कोलशेत रस्त्याकडच्या नव्या इमारतींमधल्या. दुपारी घरची कामं आटपली की क्रोशाची सुई घेऊन बसतो. हा कार्यक्रम रेडिओवर झाला तेव्हा टाके आम्ही तोंडाने मोजून सांगितले होते. नंतर बऱ्याच जणींचे निरोप आले, की ऐकताना समजलं, पण करायला बसल्यावर तिसऱ्या फेरीत गाडी अडली. म्हणून ते आता लिहून देतोय, आणि बोलताना राहून गेलेलंही त्यात घालतोय.

सुरुवात आमच्या फजितीपासून. मागच्या वर्षी आम्ही ठरवलं, की एका रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला टोप्या द्यायच्या. महिनाभर बसून चाळीस टोप्या केल्या. गुलाबी, पिवळ्या, पोपटी. कुणाला गोंडा, कुणाला कानावर फूल, कुणाला हनुवटीखाली बांधायचे बंद. पिशवी भरून मोठ्या दिमाखात गेलो. कक्षातल्या सिस्टरांनी एकेक टोपी हातात घेतली, ताणून पाहिली, आतून बोट फिरवलं आणि दोन ढीग केले. एका ढिगात नऊ टोप्या, दुसऱ्यात एकतीस. मोठा ढीग त्यांनी आमच्याकडे सरकवला.

आमच्यातल्या एकीला राहवलं नाही. ती म्हणाली, "सिस्टर, इतक्या प्रेमाने केल्यात हो."

"काकू, ते दिसतंयच," सिस्टर म्हणाल्या. "पण माझ्याकडची बाळं दीड-पावणेदोन किलोची आहेत. ही टोपी त्याच्या डोळ्यांवरून घसरून नाकावर आली, तर त्याला हात वर करून ती काढता येणार नाही. आणि मी एकाच बाळापाशी बसून राहू शकत नाही."

परतताना रिक्षात कुणी बोललं नाही. पण त्या नऊ टोप्या कुणाच्या, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या एकाच हातच्या होत्या, गटातल्या सगळ्यात वयस्क आजींच्या. त्यांनी रुखवताच्या रुमालांसाठी आणलेला उरलेला सुती दोरा वापरला होता, आणि नातवाच्या डोक्याचं माप घेऊनच पहिला टाका घातला होता. बाकी आम्ही सगळ्यांनी अंदाजाने केल्या होत्या. अंदाज म्हणजे काय, तर बाहुलीचं डोकं किंवा शेजारचं सहा महिन्यांचं बाळ.

आपल्याकडे बाळंतविड्यात टोपरं असतंच. झबली, लंगोट, दुपटी, कुंची आणि टोपरी. बऱ्याच घरांत बाळ जन्मायच्या आधी नवं काही आणत नाहीत, शिवत नाहीत. पहिले काही दिवस जुन्या धुवट साडीचं, धोतराचं मऊ कापड असतं. त्या रीतीमागे कुणी काय कारण सांगो, टोपीच्या बाबतीत ती आपल्या सोयीची आहे. बाळ जन्मलं, की त्याचं खरं माप घेता येतं. बारशापर्यंत हातात बारा दिवस असतात आणि टोपी व्हायला दोन-तीन तास पुरतात, नवशिकी असेल तर दोन दुपारी.

आता टोपी हवी कशाला, ते सांगतो. बाळ आईच्या पोटातून ओलं बाहेर येतं आणि ओल्या अंगावरून उष्णता भराभर जाते. आपण थंडीने कुडकुडतो, त्यातून अंगात ऊब तयार होते. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेभोवती आणि पाठीत एका वेगळ्या प्रकारची चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळवतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळात ही चरबी फारशी साठलेलीच नसते. त्यात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं. त्याच्या एकूण त्वचेतला सुमारे पाचवा हिस्सा डोक्याचा असतो. म्हणजे अंगभर दुपटं गुंडाळलं आणि डोकं उघडं राहिलं, तर ऊब तिथून निघून जाते. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखाली गेलं, की बाळाची ताकद दूध ओढण्याऐवजी ऊब टिकवण्यात खर्च होऊ लागते. वजनाने कमी, म्हणजे अडीच किलोच्या आतल्या बाळाला हा खर्च परवडत नाही.

घरी थर्मामीटर हाताशी नसेल, तर हाताने पाहायची रीत सिस्टरांनी आम्हाला दाखवली. आपला हात आधी कोरडा आणि ऊबदार करायचा. मग त्याची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावायची आणि नंतर तळपायाला. दोन्ही ऊबदार असतील तर ठीक. पोट ऊबदार आणि पाय गार असतील, तर बाळ गारठायला लागलंय. त्याला लगेच आईच्या छातीशी घ्यायचं, टोपी-मोजे घालायचे. पोट आणि पाय दोन्ही गार असतील, तर उरापाशी धरूनच तडक डॉक्टर गाठायचा.

दोऱ्याचं बोलू. आमच्या परत आलेल्या टोप्यांपैकी बहुतेक ॲक्रिलिकच्या होत्या. दुकानात आपण जिला सरसकट लोकर म्हणतो, त्या रंगीत गुंड्या बहुतेक वेळा ॲक्रिलिकच्याच असतात, मेंढीशी त्यांचा काही संबंध नसतो. ॲक्रिलिक हे एक प्रकारचं प्लास्टिक. ते घाम टिपत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत बाळाचं डोकं आतल्या आत ओलं होतं आणि घामोळं येतं. बारीक तंतू सुटतात ते वेगळेच, नाकातोंडात जातात. खरी लोकर ऊबदार खरी, पण काही बाळांच्या त्वचेला टोचते आणि गरम पाण्यात धुतली की आटते. रुग्णालयात तर कपडे गरम पाण्यातूनच निघतात. याच ठाण्यात १९२५ सालापासून रेमंडची लोकरीची गिरणी नावारूपाला आली, पण ती लोकर बाहेरगावच्या थंडीसाठी. आपल्या खाडीकाठच्या बाळाला सूत बरं.

तेव्हा चार पदरी सुती दोरा घ्या. दुकानात 'निटिंग कॉटन' म्हणून मागा. तोरणाचा बारीक, पिळदार दोरा नको, त्याची टोपी कडक होते. आजींकडचा उरलेला दोरा जाड आणि मऊ होता म्हणून जमलं. एका टोपीला २० ते २५ ग्रॅम पुरतो. दोरा गालाला घासून पाहा. आपल्या गालाला खरखरला, तर बाळाला नक्कीच खरखरेल. रंग फिका घ्या आणि विणण्याआधी हातभर दोरा कोमट पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग जातो का. सुई साडेतीन मिलिमीटरची. सुईच्या दांड्यावर आकडा कोरलेला असतो.

माप घ्यायला टेप लागत नाही. सुती दोऱ्याचा तुकडा बाळाच्या भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून नेऊन मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवा. आवळू नका. मग तो दोरा पट्टीवर ठेवा. दिवस भरलेल्या बाळाचा घेर साधारण ३३ ते ३६ सेंटीमीटर भरतो. टोपी घेरापेक्षा दोनेक सेंटीमीटरने कमी करायची, म्हणजे ती किंचित ताणून बसते आणि घसरत नाही. सूत लोकरीइतकं ताणत नाही, त्यामुळे याहून कमी करू नका, कपाळावर वळ उठतील. टाळूची काळजी करणाऱ्या आज्यांनाही सांगतो, अशा बेताच्या टोपीने टाळूवर दाब येत नाही.

आता विणीकडे. कुणी कशाला काय म्हणतं यात घरोघरी फरक आहे, म्हणून आमचे शब्द आधी सांगतो. साखळी सगळ्यांना येते. खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई खालच्या टाक्यात घालून दोरा वर ओढायचा, सुईवर तीन घरं होतात. दोरा घेऊन त्यातली दोन सोडवायची, पुन्हा दोरा घेऊन उरलेली दोन सोडवायची. मुका खांब म्हणजे आधी वेढा घ्यायचाच नाही. दोरा वर ओढला की दोन घरं होतात, ती एकदम सोडवायची. सरकता टाका म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा तो सरळ सुईवरच्या घरातूनही बाहेर काढायचा. याने फेरी जोडली जाते, उंची वाढत नाही.

टोपीचा माथा हा चपटा गोल असतो, पुरीसारखा. गोल चपटा राहावा म्हणून दर फेरीला सारखेच टाके वाढवायचे. आपण बारा वाढवणार.

चार साखळ्या घाला आणि सरकत्या टाक्याने कडं करा. दोऱ्याचं सुरुवातीचं टोक वीतभर लांब सोडा, त्याने शेवटी मधलं भोक आवळायचंय. पहिल्या फेरीत तीन साखळ्या घाला. या तीन साखळ्या म्हणजे एक खांब, हे पुढे प्रत्येक फेरीला लक्षात ठेवायचं. मग कड्यात अकरा खांब. सगळे मिळून बारा. सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत सरकता टाका घालून फेरी जोडा.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब. चोवीस होतात. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं फेरीभर. छत्तीस. चौथ्या फेरीत दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात दोन. अठ्ठेचाळीस. पाचव्या फेरीत तीन टाक्यांत एकेक आणि चौथ्यात दोन. साठ.

इथे थांबा. बऱ्याच जणींचं काम बिघडतं ते इथेच, आणि कळतं मात्र टोपी संपल्यावर. गोल टेबलावर ठेवून हाताने सपाट करा आणि आरपार मोजा. दहा सेंटीमीटरच्या आसपास भरला पाहिजे. का दहा? कारण गोलाचा घेर आरपार मापाच्या तिपटीहून जरा जास्त असतो. दहाचा गोल म्हणजे साडेएकतीसचा घेर, आणि तेच आपलं टोपीचं माप. तुमचा गोल अकराच्या वर गेला, तर तुमचा हात सैल आहे. तीन मिलिमीटरची सुई घ्या आणि पुन्हा सुरू करा. नऊच भरला, तर हात घट्ट आहे, चारची सुई घ्या. उसवायचा कंटाळा करू नका. आम्ही तो केला होता, म्हणून एकतीस टोप्या परत आल्या. गोल आधीच वाटीसारखा वळत असेल, तर कुठेतरी वाढवायचं विसरलाय. कडेला झालर पडत असेल, तर जास्त वाढलेत. दोन्ही वेळा टाके मोजा, चूक सापडते. आणि सगळ्यात जास्त चूक होते ती फेरी जोडताना: तीन साखळ्यांना खांब धरलं नाही, की दर फेरीला एक टाका गळतो किंवा वाढतो. तीन साखळ्यांपाशी वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला, तर फेरी कुठे सुरू झाली ते दिसतं.

माथा झाला की पुढे काही वाढवायचं नाही. साठ टाक्यांवर साठ खांब, अशा सात फेऱ्या. टोपी आपोआप खाली वळायला लागते. मग मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या, सैल हाताने. माथ्याच्या मध्यापासून कडेपर्यंत तेरा सेंटीमीटर झाले, की दोरा तोडा. कड दुमडायची हौस असेल तर मुक्या खांबाआधी खांबाच्या आणखी दोन फेऱ्या घाला. दुमडलेल्या कडेचा फायदा पुढे होतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचं डोकं महिन्याला सुमारे दोन सेंटीमीटरने वाढतं, तेव्हा कड उलगडून टोपी कानांवर नीट ओढता येते. तरी घेर काही वाढत नाही, हे ध्यानात असू द्या. कपाळावर खूण दिसली, की ती टोपी पुढच्या बाळासाठी बाजूला काढायची.

लहानग्या बाळांसाठी याच विणीत थोडा बदल. डोकं २९ ते ३१ सेंटीमीटरचं असेल, तर चौथ्या फेरीपर्यंत सगळं तसंच. पाचव्या फेरीत सात टाक्यांत एकेक खांब आणि आठव्यात दोन, म्हणजे चोपन्न होतात. पुढे खांबाच्या पाच-सहा फेऱ्या आणि मुक्या खांबाच्या दोन. उंची साडेअकरा ते बारा. त्याहूनही लहान, २६ ते २८ चं डोकं असेल, तर अठ्ठेचाळीसवरच थांबून सरळ खाली यायचं, उंची दहा.

शेवटची टोकं जाड सुईत ओवून आतल्या बाजूने टाक्यांमधून दोन इंच न्यायची, मग उलटी फिरवून परत दोन इंच. नुसती गाठ मारून कापलेलं टोक धुण्यात सुटतं. सिस्टरांनी आतून बोट फिरवलं होतं ते यासाठीच. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला आणि आवळला, तर बोटाचा रक्तपुरवठा थांबतो. मोज्यांमध्ये हा धोका टोपीपेक्षा जास्त, म्हणून मोजे विणणाऱ्यांनी तर आत फार बारकाईने पाहावं.

गोंडा, बटण, मणी, फूल काही नको. बाळ उताणं झोपतं, पण मान वळवतं, मग गोंडा किंवा फूल डोक्याखाली रुततं. मणी आणि बटण तुटलं, तर तोंडात जातं. आणि बंद. बंदावरून आमच्यात दोन दिवस वाद झाला. आपली टोपरी पिढ्यान्‌पिढ्या बंद बांधूनच घातली गेली, नाहीतर कानात वारा जातो, असं आमच्यातल्या दोघींचं म्हणणं. आजी म्हणाल्या, "अगं, तेव्हा घरात माणसं होती. बाळ कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असायचं. आता सूनबाई एकटी असते, स्वयंपाकघरात गेली तर बघायला कोण?" बंद गळ्याशी सरकून आवळू शकतो. माप बरोबर असेल, तर बंदाची गरजही उरत नाही. आम्ही बंद काढून टाकले.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगतो, कारण टोपी करायला शिकवून ती काढायला सांगणं विचित्र वाटेल. निरोगी, दिवस भरलेलं, अडीच किलोच्या वरचं बाळ घरी आलं, की त्याला दिवसरात्र टोपी घालायची गरज नाही. मोठ्या माणसाला गरम झालं तर तो पांघरूण सारतो. बाळ जादाची उष्णता बरीचशी डोक्यातूनच बाहेर टाकतं आणि आपण नेमकं तेच झाकतो. एप्रिल-मेमधल्या ठाण्यात तर हे घातकच. बाळ एकटं पाळण्यात झोपलेलं असताना टोपी काढून ठेवावी. जन्मानंतरचे पहिले तास आणि नवजात कक्ष सोडला, तर घरात झोपलेल्या बाळाला टोपी नको, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं आहे. मानेमागे हात लावून पाहा. घाम असेल, तर टोपी काढाच, मग घरातलं कुणी काही म्हणो.

मग टोपी कधी? जन्मल्यावर लगेच, अंग कोरडं केल्यावर. रुग्णालयातून घरी नेताना रिक्षात वारा लागतो तेव्हा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. एसीच्या खोलीत, बाळ जागं आणि नजरेसमोर असताना. अंघोळीनंतर डोकं पूर्ण वाळलं, की थोडा वेळ. ओल्या केसांवर टोपी घातली तर ऊब राहायची सोडून गारवाच बसतो. आणि कमी वजनाच्या बाळाला, डॉक्टर सांगतील तोवर.

अशा बाळांसाठी ऊब द्यायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे आईची छाती. उघड्या छातीवर उघडं बाळ उभं धरायचं, वरून कापडाने बांधायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत केलेल्या अभ्यासाचे निकाल आले. जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केलेल्या लहान बाळांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. श्रेय आईच्या अंगाच्या उबेचं आहे, टोपीचं नव्हे. पण त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढंच असतं. आईचं अंग डोक्याला झाकू शकत नाही, तेवढं टोपी करते. ही पद्धत बाबा, आजी, मावशी कुणीही करू शकतं. आमच्यातल्या एकीचा जावई रोज दोन तास छातीशी लेक घेऊन बसायचा आणि हलायचा नाही, मोबाइल वाजला तरी.

टोपी देण्याआधी सौम्य साबणाने धुवा, चांगली खळबळा, कडक उन्हात वाळवा. नॅप्थलिनच्या गोळ्या घातलेल्या कपाटात ठेवू नका. त्या वासाने काही बाळांच्या रक्ताला अपाय होऊन कावीळ वाढते. रुग्णालयाला द्यायच्या असतील, तर आधी जाऊन विचारा, कोणत्या मापाच्या हव्यात, किती हव्यात, हाताने केलेल्या घेतात की नाही. आम्ही आता टोप्यांची मापं टाक्यांच्या आकड्याने वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून देतो, साठच्या वेगळ्या, चोपन्नच्या वेगळ्या.

दुसऱ्या खेपेला पंचवीस नेल्या होत्या. परत आल्या दोन, दोन्हींच्या कडा घट्ट होत्या. गेल्या आठवड्यात सिस्टरांचा निरोप आलाय: काकू, साठच्या पुरेशा आहेत. अठ्ठेचाळीसच्या करा, आणि लवकर आणा.